ल्युसर्नची आगबोट: पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

स्वित्झर्लंडच्या ठरावीक सहलीत ल्युसर्नच्या वाट्याला दोन-अडीच तास येतात. छपराचा लाकडी पूल, कातळात कोरलेला सिंह, घड्याळांची दुकानं, आणि मग ‘चला चला, टिटलिसला उशीर होतोय’. मी पहिल्यांदा गेले ती अशीच, ग्रुपबरोबर. कार्यक्रमपत्रिकेत ‘तळ्यावर क्रूझ’ असं छापलं होतं. ती निघाली डिझेल बोटीतली तासाभराची चक्कर. आम्ही कानाला हेडफोन लावून बसलो होतो, तेवढ्यात शेजारून एक जुनी पांढरी बोट भोंगा देत गेली. मधोमध उंच धुराडं, दोन्ही बगलांना फुगीर पेट्या. अख्खा ग्रुप एका बाजूला धावला आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिचे फोटो काढत राहिला. त्या बोटीत साध्या तिकिटावर कुणालाही बसता येतं, हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या खेपेला आत्याला घेऊन गेले. आत्या रत्नागिरीकडची. शाळेत असताना जयगडहून मुंबईला बोटीनं आलेली. मी तिला पॅडल स्टीमर, म्हणजे बगलेच्या चाकांवर चालणारी वाफेची बोट, समजावायला लागले, तर म्हणाली, “आगबोट म्हण गो सरळ.” म्हणून पुढे मीही आगबोटच म्हणणार आहे.

आधी ‘क्रूझ’ हा शब्द डोक्यातून काढा

क्रूझ म्हटलं की आपण आगाऊ बुकिंग, पॅकेज, व्हाउचर यांच्या मागे लागतो. इथे त्यातलं काही लागत नाही. ल्युसर्नच्या तळ्यावरच्या आगबोटी म्हणजे पाण्यावरची एसटी. वेळापत्रक आहे, थांबे आहेत, जेवढं अंतर तेवढं भाडं आहे. काठावरच्या गावांतली माणसं पिशव्या घेऊन चढतात आणि दोन थांब्यांनी उतरतात.

याचं कारण तळ्याच्या आकारात आहे. पसारा 114 चौरस किलोमीटर, सर्वांत खोल जागी 214 मीटर पाणी, आणि डोंगरांनी चारी बाजूंनी दाबल्यामुळे वाकडेतिकडे फाटे फुटलेले. काठावर काही ठिकाणी कडा सरळ पाण्यात उतरतो, तिथे रस्ता काढणं फार पुढचं काम. पहिली आगबोट या तळ्यावर 1837 साली आली. जर्मनमध्ये तळ्याचं नाव ‘फिअरवाल्डश्टेटरझे’, म्हणजे चार वनप्रांतांचं तळं. उच्चार जमला नाही तरी अडत नाही. ‘लुझर्न’ मात्र लक्षात ठेवा, कारण पाट्यांवर आणि वेळापत्रकात तेच असतं, ‘ल्युसर्न’ नाही.

आज तळ्यावर बऱ्याच मोटारबोटी आहेत आणि त्यांच्यात पाच आगबोटी: ‘उरी’ 1901 ची, ‘उन्टरवाल्डेन’ 1902 ची, ‘शिलर’ 1906 ची, ‘गालिया’ 1913 ची आणि ‘श्टाट लुझर्न’ 1928 ची. ‘उरी’ वाचून काश्मीर आठवेल, पण हा इथल्या एका प्रांताचा उरी आहे, विल्यम टेल या तिरंदाज वीराच्या दंतकथेतला. शंभरी ओलांडलेलं लोखंड अजून पाण्यावर कसं, असं आत्यानं विचारलं. एक कारण गोडं पाणी. समुद्राचं खारं पाणी लोखंडाला जसं खातं तसं हे खात नाही. दुसरं कारण माणसं. एकेक आगबोट भंगारात निघायची वेळ आली, तेव्हा स्थानिक लोकांनी 1972 साली आगबोटप्रेमींची संघटना काढली आणि उरलेल्या वाचवल्या.

एक सावधगिरी. ल्युसर्नच्याच काठाला ‘विल्हेल्म टेल’ नावाची 1908 ची देखणी आगबोट बांधून ठेवलेली आहे. ती आता उपाहारगृह आहे. तिच्यासमोर तिकीट हातात धरून उभं राहू नका, ती कुठे जायची नाही.

फेरी निवडणं, हे खरं काम

तुमचा सगळा दिवस या एका गोष्टीवर ठरतो. एकाच मार्गावर, एकाच भाड्यात, दहाची फेरी मोटारबोटीची आणि त्यानंतरची आगबोटीची असू शकते. वेळ बघून जाल तर फसाल. बोट बघून जा.

बोट कंपनीच्या वेळापत्रकात आगबोटीच्या फेऱ्यांना वेगळी खूण असते. नावावरूनही कळतं. आगबोटीच्या नावाआधी ‘डीएस’ ही अक्षरं असतात, मोटारबोटीच्या आधी ‘एमएस’. ‘डी’ म्हणजे ‘डाम्फ’, जर्मनमध्ये वाफ. आगबोटी प्रामुख्याने वसंतापासून शरदापर्यंत धावतात आणि ऐन उन्हाळ्यात त्यांच्या फेऱ्या सर्वांत जास्त असतात. हिवाळ्यात गेलात तर फार आशा धरू नका. दुरुस्ती निघाली की ऐनवेळी आगबोटीच्या जागी मोटारबोटही येते. म्हणून त्या दिवशी सकाळी धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत जाऊन सरळ विचारायचं: पुढची वाफेची बोट किती वाजता आणि कुठल्या धक्क्याला? इंग्रजीत विचारलं तरी चालतं.

पाचांपैकी कुठली, असं विचाराल तर जी मिळेल ती. पण निवडायला मिळालीच तर मी ‘शिलर’ घेईन, तिच्या वरच्या दिवाणखान्यातल्या लाकूडकामासाठी. ‘श्टाट लुझर्न’ सर्वांत मोठी, बाराशे माणसं मावतील एवढी, आणि तिच्या इंजिनाला तीन सिलिंडर आहेत. ‘उन्टरवाल्डेन’ची गंमत वेगळी. तळ्याच्या एका फाट्याच्या तोंडावर बुटका पूल आहे. त्याच्याखालून जाताना ही बोट आपलं धुराडं खाली घेते, दारातून वाकून आत येणाऱ्या उंच माणसासारखी.

तिकीट

इथे बहुतेकांचे पैसे आधीच भरलेले असतात आणि त्यांना ते माहीत नसतं. तुमच्याकडे स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे गाडी-बस-बोट सगळीकडे चालणारा पर्यटकांचा पास, असेल तर तळ्यावरच्या नेहमीच्या फेऱ्या त्यातच आल्या. वेगळं तिकीट नको, नुसता पास दाखवायचा. सोबतच्या सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी पासबरोबर फॅमिली कार्ड मागून घ्या. ते फुकट असतं आणि त्यावर आईवडिलांबरोबर मुलंही फुकट. हाफ फेअर कार्ड असेल तर अर्धं भाडं. दोन्ही नसेल तर खिडकीवर दिवसभराचं तिकीट आणि सुटं तिकीट यांची तुलना करा. दोन-तीनदा चढउतार करणार असाल तर दिवसाचं परवडतं.

दर्जे दोन. खालचा डेक दुसऱ्या वर्गाचा, वरचा पहिल्या वर्गाचा. वरून डोंगर मोकळे दिसतात हे खरं, पण माझं मत विचाराल तर पहिल्यांदा दुसराच वर्ग घ्या. इंजिन खाली आहे. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर तेही सोयीचं, जिने चढावे लागत नाहीत. वर जायची हुक्की आलीच तर फरकाचे पैसे बोटीवरही भरता येतात.

खास जेवणाच्या आणि संध्याकाळच्या फेऱ्यांचा हिशोब वेगळा असतो. पास आहे म्हणून त्यात गृहीत धरून चढू नका.

कुठपर्यंत जायचं

तीन पर्याय सांगते.

हाताशी अर्धा दिवस असेल तर वेग्गिस किंवा फिट्झनाऊ. फिट्झनाऊला साधारण तासाभरात पोचता. धक्क्याला लागूनच दात्यांच्या रुळावरून रिगी डोंगरावर जाणारी गाडी सुटते. 1871 सालची ही युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. रिगीचा माथा 1798 मीटर उंच, आणि हा डोंगरही स्विस ट्रॅव्हल पासमध्ये येतो. म्हातारी माणसं आणि मुलं सोबत असतील तर आगबोट आणि रिगी ही जोडी निर्धोक.

पाऊण दिवस असेल तर ब्रुनेन. तिथून आगगाडीनं तासाच्या आत ल्युसर्नला परत.

आणि सबंध दिवस असेल तर तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्लूएलेनपर्यंत. पावणेतीन ते तीन तास लागतात. ‘तीन तास बोटीत काय करायचं’ हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो. ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी फिट्झनाऊला उतरावं. आम्ही फ्लूएलेनला गेलो.

जाताना बोट आणि येताना आगगाडी, असं ठरवा. पासावर दोन्ही चालतं, वेळ वाचतो आणि परतीची शेवटची बोट चुकण्याची धास्ती राहत नाही.

धक्क्यावर

ल्युसर्न स्टेशनातून बाहेर आलात की समोर एक मोठी दगडी कमान एकटीच उभी दिसेल. जुनं स्टेशन 1971 च्या आगीत गेलं, त्याची ही उरलेली वेस. तिच्यापुढे रस्ता ओलांडला की पाणी आणि धक्के. धक्क्यांना क्रमांक आहेत, आपला क्रमांक फलकावर बघायचा. वीस मिनिटं आधी गेलात तर रांगेत पुढे राहाल आणि बसायला मनासारखी जागा मिळेल. बोट वेळेवर सुटते. हात हलवत पळत आलात तरी ती थांबेलच असं समजू नका.

बोट लागली की खलाशी दोर टाकतो, फळी लावतो, आधी उतरणारे उतरतात, मग आपण. फळी कधी चढती असते, कधी उतरती. आत्या तिथे क्षणभर थबकली. जयगडला बोट धक्क्याला लागायचीच नाही. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. लाटेवर पडाव वर आला की वरच्या खलाशानं दंड धरून ओढून घ्यायचं. इथे कठडा असलेली फळी बघून ती म्हणाली, “एवढंच?” आणि माझ्या आधी आत गेली.

चढल्यावर पहिल्यांदा इंजिनाकडे

सगळे जण खिडकीची जागा धरायला धावतात. धावू द्या. सामान एकाजवळ ठेवा आणि खालच्या डेकवर बोटीच्या मधोमध या. तिथे कठड्यानं वेढलेला एक मोठा चौक आहे आणि त्याच्या खाली, आडकाठी न करता, सगळं इंजिन उघडं ठेवलेलं आहे. जुन्या वाड्याच्या माडीवरून चौकात बघावं तसं बघायचं.

सुटण्याआधीची दोन मिनिटं चुकवू नका. वरून सुकाणूघरातून हुकूम येतो, घंटा वाजते. खाली उभा असलेला यंत्रचालक एक चाक फिरवतो. फुस्स असा आवाज होतो आणि माणसाच्या मांडीपेक्षा जाड, चकचकीत पोलादी दांडे अगदी सावकाश हलू लागतात. पहिला फेरा इतका संथ की यंत्राला जावं की नको असं वाटतंय की काय, असं वाटावं. मग लय सापडते. पुढे तासभर तीच लय, सेकंदाला एका फेऱ्याहून थोडी कमी. वर येतो तो गरम तेलाचा वास. आजोबांच्या शिवणयंत्राला येतो त्याच जातीचा, फक्त शंभरपट.

आता काय चाललंय ते थोडक्यात. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते. पूर्वी कोळशावर व्हायची, आता तेलावर होते, म्हणून धुराड्यातून काळे लोट निघत नाहीत. ही दाबाखालची वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये शिरते आणि दट्ट्या ढकलते. तिथून बाहेर पडताना तिच्यात जोर शिल्लक असतो, म्हणून तिला दुसऱ्या, मोठ्या सिलिंडरमध्ये घालतात. रसवाला उसाचं चिपाड दुमडून पुन्हा चरकात घालतो, तेच हे. दुसरा सिलिंडर मोठा, कारण वाफ आता फुगलेली आणि विरळ झालेली असते. शेवटी ती थंड होऊन तिचं पाणी होतं आणि ते परत बॉयलरकडे जातं. दट्ट्यांचं पुढेमागे होणं दांड्यांनी आडव्या आसाला फिरवतं आणि आसाच्या दोन टोकांना दोन चाकं. बाहेरून फुगीर दिसणाऱ्या पेट्यांत तीच असतात.

चाकातही एक युक्ती आहे. फळ्या पक्क्या बसवल्या असत्या तर पाण्यात शिरताना थापट बसली असती आणि वर येताना पाणी उचललं गेलं असतं. म्हणून प्रत्येक फळी आपल्या जागी थोडी वळते आणि पाण्यात जवळजवळ उभी शिरते. वल्हं मारणारा माणूस मनगट फिरवतो, तसं.

यंत्रचालक मधूनच खाली वाकतो, सांध्यावर हात ठेवून बघतो, तेल देतो, फडक्यानं पितळ पुसतो. हात ठेवून बघतो म्हणजे सांधा तापलाय का ते बघतो. आई पोराच्या कपाळाला हात लावते तेवढ्या सवयीनं. त्याच्याशी बोलायचं असेल तर बोट मधल्या पाण्यात असताना बोला. थांबा जवळ आला की त्याचं लक्ष घंटेवर असतं.

आणि थांब्याला बोट लागताना पुन्हा इथे या. चाकं थांबतात, उलटी फिरतात, एवढं मोठं धूड काही क्षणांत धक्क्याशी उभं राहतं. आत्या प्रत्येक थांब्याला उठून कठड्याशी जात होती. वेग्गिसला मी तिला म्हटलं, बाहेर बघ, काय सुंदर गाव आहे. “गाव कुठे पळतंय,” म्हणाली.

मग बाहेर

ल्युसर्नहून निघताना डावा हात रिगीचा, उजवा पिलाटुस आणि ब्युर्गेनश्टोक या डोंगरांचा. फिट्झनाऊ सोडल्यावर दोन्हीकडून डोंगराची दोन नाकं पुढे येतात आणि तळं जेमतेम आठशे मीटर रुंद राहतं. तिथून पार झालात की वेगळंच पाणी समोर येतं. इथे पुढच्या टोकाला उभं राहा.

डाव्या काठाचं गेर्साऊ लहानसं दिसेल, पण हे गाव 1798 पर्यंत स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. एका गावाचं एक राज्य.

ब्रुनेनला बोट काटकोनात दक्षिणेला वळते आणि उरीचा फाटा सुरू होतो. आता उजवीकडे बघा. पाण्यातून वर आलेला उंच सुळका दिसेल, त्यावर 1859 साली कवी शिलरच्या नावानं सोनेरी अक्षरं कोरली. टेलची कथा त्याच्या नाटकानं जगभर नेली, त्याची ही पावती. थोडं पुढे उजव्याच काठाला र्‍यूटलीचं कुरण. 1291 साली तीन प्रांतांच्या माणसांनी इथे एकत्र राहण्याची शपथ घेतली अशी परंपरा आहे. या जागी हॉटेल होण्याची चिन्हं दिसली तेव्हा वर्गणी काढून ती विकत घेतली गेली, आणि वर्गणीत शाळकरी मुलांचे पैसे होते. 25 जुलै 1940 ला, युरोपात हिटलरची सरशी चालली असताना, स्विस सेनापती गिसाँ यांनी आपल्या अधिकाऱ्यांना इथेच गोळा केलं. ते अधिकारी आले ते ‘श्टाट लुझर्न’ बोटीनं. तुमच्या नशिबी ती बोट आली असेल तर डेकवरच्या बाकावर हात फिरवून घ्या. पुढे डाव्या काठाला पाण्यालगत टेलचं देऊळवजा चॅपेल. वादळात बोटीतून टेलनं उडी मारली ती इथे, अशी गोष्ट.

या फाट्यात दक्षिणेकडून फ्योन नावाचा कोरडा उबदार वारा येतो. तो आला की हवा इतकी स्वच्छ होते की डोंगर हाताला लागावेत, आणि पाणी मात्र खवळतं. काठावर केशरी दिवा उघडझाप करताना दिसला तर ती वाऱ्याची सूचना असते. होड्यांनी बघायची, आगबोटीतल्या माणसानं फक्त टोपी सांभाळायची.

खाणं, थंडी, बारीकसारीक

बोटीवर स्वयंपाकघर असतं आणि जेवण चांगलं मिळतं, पण दर स्वित्झर्लंडचेच. मांडलेल्या टेबलांवर आपला दशम्यांचा डबा उघडू नका, ती जागा उपाहारगृहाची. बाहेरच्या बाकावर गुपचूप दोन दशम्या खाल्ल्या तर कुणाचं काही जात नाही. आम्ही खाल्ल्या, लसणाच्या चटणीसकट. शेजारच्या स्विस बाई वास घेऊन हसल्या. त्या ओळखीच्या वासावर हसल्या की दुसऱ्या कशावर, ते विचारलं नाही. पाण्याची बाटली मुक्कामाच्या जागेवरूनच भरून न्या, तिथलं नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं.

जुलैतही अंगावर घ्यायला काहीतरी असू द्या. धक्क्यावर ऊन भाजतं आणि बोट सुटल्यावर दहा मिनिटांत कान गार पडतात. त्यावर उपाय बोटीवरच आहे. इंजिनाच्या कठड्याशी उभं राहा, खालून ऊब येते. बोट लागण्याच्या आधी भोंगा वाजू शकतो, कडेवर लहान मूल असेल तर डेकवर धुराड्यापासून लांब बसा. पाऊस असेल तरी बेत मोडू नका. काचेआड बसून ढग खाली उतरताना बघणं निराळंच, आणि इंजिनाला पावसाचं काही नाही.

फ्लूएलेनला धक्का आणि रेल्वे स्टेशन शेजारी शेजारी आहेत. उतरलेली माणसं लगेच गाडीकडे पळतात. तुम्ही पळू नका. बोट परत निघते तेव्हा काठावरून तिचं चाक फिरताना दिसतं, पांढरा फेस मागे पसरत जातो, आणि आत असताना जे बाहेरून बघता आलं नव्हतं ते सगळं एकदम बघायला मिळतं. आत्या कठड्याला टेकून उभी होती. आमची गाडी सुटली. मी फलकावर पुढची शोधली आणि तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले.